समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही म्हणणारा वकील, जो पुस्तकांच्या पेटीत बसून जेलमधून पळाला

दक्षिण चीन समुद्रात चीन आणि फिलिपिन्सची जहाजं आमनेसामने आली की भांडण एकाच प्रश्नावर येतं, समुद्र नेमका कुणाचा? हाच प्रश्न ४०० वर्षांपूर्वी ह्यूगो ग्रोशियस या डच वकिलाकडे आला होता. तोही एका लुटीच्या निमित्तानं.

ग्रोशियस १५८३ चा, डेल्फ्ट गावचा. पोरगा इतका हुशार की ११ व्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल झाला.

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडलं. माल विकून ३० लाख गिल्डरच्या वर पैसा आला. पण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही भागधारकांनाच हे पटेना. मग कंपनीनं बाजू मांडायला तरुण ग्रोशियसला गाठलं.

पोर्तुगीज तेव्हा पूर्वेचा समुद्र आपलाच समजायचे. अरबी समुद्रात व्यापाराला निघालेल्या जहाजांना त्यांचा परवाना घ्यावा लागायचा, त्याला कार्ताझ म्हणत. ग्रोशियसनं मुळावरच घाव घातला. हवेला जसं कुंपण घालता येत नाही तसं समुद्रालाही नाही, म्हणून तो सगळ्यांचा. १६०९ मध्ये हे पुस्तक निघालं, 'मारे लिबेरुम'. त्यावर लेखकाचं नावही नव्हतं.

गंमत पुढे आहे. १६१३ मध्ये इंग्रज मसाल्याच्या बेटांवर व्यापार मागू लागले, तेव्हा हाच माणूस लंडनला जाऊन डचांच्या मक्तेदारीसाठी भांडला. इंग्रजांनी त्याचंच पुस्तक त्याच्यापुढे धरलं! आता वकीलच तो, पक्षकार सांगेल ती बाजू.

पुढं धर्म आणि राजकारणाच्या भांडणात तो सापडला. १६१९ मध्ये जन्मठेप, मुक्काम लोवेस्टाइन किल्ला. त्याला वाचायला पुस्तकांची पेटी ये-जा करायची. पहारेकरी ती उघडून बघायचे बंद झालेत, हे बायको मारियानं हेरलं. १६२१ मध्ये तिनं पेटीत नवऱ्यालाच घातलं. पहारेकऱ्यांनीच पेटी उचलून बाहेर नेली.

तो पॅरिसला पोचला, युद्धाच्या कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला, स्वीडनचा राजदूत झाला. तिकडे इंग्रज जॉन सेल्डननं १६३५ मध्ये समुद्रावर मालकी असू शकते असं सांगणारं उलट पुस्तक काढलं.

१९८२ च्या सागरी कायद्यात दोघांचंही थोडं थोडं आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची हद्द, २०० पर्यंत मासे आणि तेलावर हक्क, त्यापलीकडे खुला समुद्र.

१६४५ मध्ये बाल्टिक समुद्रात ग्रोशियसचं जहाज फुटलं. कसाबसा किनाऱ्याला लागला, पण रोस्टॉकपर्यंत पोचून तिथंच वारला.