हाताला कसब देणाऱ्या रमाबाई रानडे

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ साली तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ करताच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष ओढवला. टोमणे मुकाट्याने सोसत त्या मराठी आणि पुढे इंग्रजीही शिकल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. वैधव्याचे दुःख कवटाळून बसण्याऐवजी रमाबाईंनी निराधार भगिनींकडे लक्ष वळविले. १९०८ साली बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने दयाराम गिडुमल यांच्यासह मुंबईत सेवासदन स्थापिले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली त्यांनी पुण्यातील आपल्या वाड्यातच सेवासदनाचे कार्य सुरू केले. तेथे लेखन-वाचनाबरोबर शिवणकाम, हस्तकला आणि रुग्णसेवेचे शिक्षण मिळू लागले. परक्याच्या ताटाकडे पाहणाऱ्या स्त्रीला स्वतःची भाकर मिळविता यावी, हा हेतू होता.

एकदा एका समारंभात एक गरीब विधवा बक्षीस घेण्यासाठी पुढे आली असता तिचा वेष पाहून उपस्थित विद्यार्थ्यांनी तिची हेटाळणी केली. रमाबाईंनी त्यांना तेथेच खडसावले आणि प्रत्येकाच्या घरी अशी एखादी दुर्दैवी भगिनी असेल, याची जाणीव करून दिली. स्त्रीच्या हाताला काम देताना तिची मानमर्यादाही जपली पाहिजे, हे त्या जाणून होत्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

सद्गुण जेथे दिसेल तेथून घ्यावा. आपल्या उम्मतीची माता हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापार करीत असत, हे आपण अभिमानाने सांगतो, परंतु मुखेडसारख्या गावात आपल्याच मोहल्ल्यातील एखाद्या मुलीला शिवणकाम येते आणि शिवणयंत्र मात्र नसते, तेव्हा आपण काय करतो? रमजानमध्ये दिलेले चार पैसे ईदपर्यंत संपतात. जकातीत पात्र व्यक्तीला मालक करणे आवश्यक असते. पात्र भगिनीला शिवणयंत्रच घेऊन तिच्या मालकीचे करून दिले, तर जकात अदा होते आणि तिला पुढच्या वर्षी हात पसरावा लागत नाही. जी जकातीस पात्र नाही, तिला कर्जे हसना द्यावे, म्हणजे ती व्याजाच्या फेऱ्यात सापडणार नाही. देताना मात्र तिचे नाव चारचौघांत घेऊ नये.

अल्लाह आपणा सर्वांना याची सद्बुद्धी देवो. आमीन.