पेजमेकरला ज्याच्या कंपनीचं नाव होतं, त्या आल्डसने ५०० वर्षांपूर्वीच पानाचा रंग बदलला होता

लग्नपत्रिका असो, शाळेचा अहवाल असो की निवडणुकीचं पत्रक. एकेकाळी आपल्याकडच्या डीटीपी सेंटरवर हे काम पेजमेकरवर व्हायचं. आणि नवीन शिकणारा गडी एका जागी हमखास अडकायचा.

गिऱ्हाइकाला अख्ख्या पानाला मागून फिकट पिवळा रंग हवा असायचा. सगळे मेनू उघडून बघितले तरी पानाचा रंग बदलायचं बटण काही सापडायचं नाही.

कारण ते नव्हतंच. मास्टर पेजवर एक चौकोन काढायचा, तो पानाच्या चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्यायचा, रंग भरायचा, कडेची रेघ काढून टाकायची आणि चौकोन सगळ्यात मागे ढकलायचा. बाहेरचे ३ मिलिमीटर कशाला? तर कटिंग करताना सुरी जराशी सरकली तरी पांढरी कड दिसू नये म्हणून.

रंगांच्या यादीत पेपर नावाचा एक रंग मात्र असायचा. त्यात बदल केला की स्क्रीनवरचं पान रंगायचं, पोरगं खूश व्हायचं आणि प्रिंट यायची पांढरीफट्ट. तो रंग छापण्यासाठी नसतोच. तुम्ही कोणत्या कागदावर छापणार आहात ते स्क्रीनवर बघण्यापुरता तो असतो. पानाचा खरा रंग म्हणजे कागदाचा रंग.

आता गंमत बघा. १९८५ मध्ये पेजमेकर बाजारात आणणारी अमेरिकेतली कंपनी होती आल्डस. पॉल ब्रेनर्डने कंपनीला हे नाव दिलं ते व्हेनिसच्या एका छापखानेवाल्यावरून, आल्डस मॅन्युशियसवरून. आणि हा तोच माणूस ज्याने कागदच बदलून पानाचा रंग बदलला होता.

आल्डसचा जन्म १४५० च्या आसपासचा, रोमजवळच्या बासियानो गावातला. धंद्याने तो मास्तर. रोम आणि फेरारामध्ये लॅटिन-ग्रीक शिकला आणि पुढे कार्पीच्या राजघराण्यातल्या मुलांना शिकवायला लागला. चांगली नोकरी होती. पण ग्रीक शिकवायची तर मुलांच्या हातात द्यायला धड पुस्तकंच नव्हती. हाताने लिहिलेल्या पोथ्या होत्या, त्याही मोजक्या आणि चुकांनी भरलेल्या.

मग चाळिशीच्या आसपास हा मास्तर व्हेनिसला आला. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर तिथले बरेच ग्रीक विद्वान या शहरात आले होते. आंद्रेआ टोरेसानी नावाच्या मुरलेल्या छापखानेवाल्याबरोबर त्याने भागीदारी केली आणि १४९५ मध्ये ग्रीक व्याकरणाचं पुस्तक काढलं. १४९८ पर्यंत ॲरिस्टॉटलचे ५ खंड ग्रीकमध्ये छापून मोकळा झाला.

१५०१ मध्ये त्याने आणखी मोठी उडी मारली. एका कागदाला तीन घड्या घालून ८ पानं, असं हातात मावणारं पुस्तक काढलं. त्यात व्हर्जिलच्या कविता होत्या. या पुस्तकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने तिरकी, एकमेकांना चिकटून बसणारी अक्षरं कोरली. आज आपण इटॅलिक म्हणतो ती हीच. लहान पुस्तकं आधीही निघत होती, पण ती बहुतेक प्रार्थनेची. कविता खिशात घालून फिरता येते हे लोकांना आल्डसने दाखवलं.

पुस्तकं खपायला लागली म्हटल्यावर नकला येणारच. फ्रान्समधल्या लिऑनच्या छापखान्यांनी हुबेहूब तशीच पुस्तकं काढली. वैतागलेल्या आल्डसने १५०३ मध्ये पत्रक काढून नकली पुस्तकं कशी ओळखायची ते सांगितलं. त्यात एक खूण कागदाची होती. नकली पुस्तकाचा कागद हलका असतो आणि त्याला वास येतो, असं त्याचं म्हणणं. शिवाय कुठल्या पुस्तकात कुठल्या चुका आहेत, त्याची यादीही दिली.

लिऑनवाल्यांनी ती यादी वाचली आणि त्या चुका दुरुस्त करून पुन्हा छापलं. फुकटात प्रूफरीडिंग!

पुढे त्याने टोरेसानीच्या मुलीशी लग्न केलं. १५०९ मध्ये व्हेनिसवर युद्ध आलं, छापखाना बंद पडला आणि तो फेराराला गेला. परतला १५१२ मध्ये, साठीला टेकलेला. छापखान्याला भेट देणाऱ्यांचा त्याला इतका त्रास व्हायचा की त्याने दारावर पाटीच लावली होती, काम थोडक्यात सांगा आणि निघा.

निळं पान आलं ते या शेवटच्या काळात. १५१४ मध्ये त्याने कॅटो, व्हॅरो, कोल्युमेला अशा जुन्या रोमन लेखकांचा शेतीवरचा संग्रह काढला. बहुतेक प्रती नेहमीच्या कागदावर, पण काही मोजक्या निळ्या कागदावर. पाश्चात्त्य छपाईत निळ्या कागदावरची ही अगदी सुरुवातीची पुस्तकं.

हा रंग वरून फासलेला नव्हता. त्या काळी कागद चिंध्यांचा लगदा करून बनायचा. पांढऱ्या चिंध्यांचा पांढरा, आणि निळ्या रंगवलेल्या चिंध्या वेगळ्या काढल्या की निळा. असा कागद वस्तू बांधायला वापरत आणि व्हेनिसचे चित्रकार त्यावर चित्रं काढत. काळी शाई त्यावर उठून दिसते, पण पांढऱ्याइतकी नाही. मागचा रंग जितका गडद तितकं अक्षर वाचायला जड, हे डीटीपीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग हा खटाटोप कशाला? वाचायला सोपं व्हावं म्हणून तर नक्कीच नाही. या शौकिनांसाठीच्या खास प्रती होत्या. ज्याने पुस्तक खिशात आणलं, त्याच्याच छापखान्यातून कपाटात मिरवायची प्रतही निघाली. मला यात ढोंग वाटत नाही. युद्धात बसलेला धंदा पुन्हा उभा करणाऱ्या माणसाला दोन्ही गिऱ्हाइकं हवी असणार.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १५१५ ला आल्डस गेला. व्हेनिसच्या सान पातेर्नियान चर्चमध्ये त्याचा देह ठेवला, तेव्हा भोवती त्याने छापलेली पुस्तकं रचली होती.

त्याच्या नावाची कंपनी १९९४ मध्ये ॲडोबीने घेतली आणि ते नाव मागे पडलं. पेजमेकरची जागा पुढे इनडिझाइनने घेतली. त्याच्या रंगांच्या यादीतही पेपर आहे. तो बदलून बघा, स्क्रीनवर पान निळं होईल. छापताना मात्र निळा कागद तुम्हालाच आणावा लागेल.