एडमंड बर्क : एक वारसा, तीन दावेदार

उदारमतवादी, परंपरावादी आणि नवपरंपरावादी अशा तिन्ही प्रवाहांनी ज्याला कधी ना कधी आपला पूर्वसुरी मानले, असा राजकीय विचारवंत विरळाच. अठराव्या शतकातील ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांच्या वाट्याला हे भाग्य आले. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर स्वारी केली, तेव्हा लोकशाही शस्त्रबळाने रुजवता येते काय, या वादात त्यांचे नाव पुन्हा पुढे आले. या वादाची मुळे त्यांच्या चरित्रातच सापडतात.

बर्क यांचा जन्म १७२९ मध्ये डब्लिन येथे झाला. वडील प्रोटेस्टंट वकील, तर आई कॅथलिक. कॅथलिकांवर कायद्याने लादलेली बंधने त्यांना घरातूनच ठाऊक होती. १७५० मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी ते लंडनला आले, पण वकिलीपेक्षा लेखनातच अधिक रमले. १७६५ मध्ये पंतप्रधान लॉर्ड रॉकिंगहॅम यांचे खासगी सचिव झाले आणि त्याच वर्षअखेरीस व्हिग पक्षातर्फे संसदेवर निवडून आले.

पुढची पंचवीस वर्षे ते सत्तेच्या मनमानीविरुद्ध झगडले. अमेरिकन वसाहतींशी बळाने नव्हे, तर समेटाने वागावे, असा आग्रह त्यांनी १७७५ मध्ये संसदेत धरला. लोकप्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या नसून त्याने स्वत:च्या विवेकाने मत द्यावे, ही भूमिका त्यांनी ब्रिस्टलच्या मतदारांपुढे मांडली. तिची किंमतही मोजली. आयर्लंडच्या व्यापाराची आणि कॅथलिकांची बाजू घेतल्यामुळे १७८० मध्ये ब्रिस्टलची जागा त्यांना सोडावी लागली.

हिंदुस्थानशी, त्यातही मराठेशाहीशी, त्यांचा संबंध आला तो याच काळात. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव इंग्लंडला गेले असता परक्या देशात त्यांच्या स्नानसंध्येची व सोवळ्यातील स्वयंपाकाची पंचाईत झाली. बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या वाडीवर नेले आणि झाडांसाठी बांधलेले काचघर त्यांच्या स्वाधीन केले. दुसऱ्या समाजाचे आचार जसेच्या तसे मानण्याची हीच वृत्ती वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात दिसली. १७८८ ते १७९५ असा सात वर्षे हा खटला चालला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. मात्र इंग्रज अधिकाऱ्याला आशियात वेगळी नीती लागू होत नाही, हे तत्त्व बर्क यांनी संसदेपुढे ठामपणे मांडले.

या कामगिरीमुळेच उदारमतवाद्यांना बर्क आपले वाटले. जॉन मॉर्ले यांनी त्यांचे चरित्र लिहिले, तर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्या लेखनाचा अभ्यास केला.

मात्र १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मित्रही चकित झाले. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून घडलेल्या संस्था अमूर्त सिद्धांतासाठी मोडल्या, तर आधी अराजक आणि मग लष्करी हुकूमशाही येईल, असा त्यांचा इशारा होता. दहशतीचे पर्व आणि नेपोलियन यांनी तो खरा ठरवला. चार्ल्स फॉक्स यांच्याशी असलेली जुनी मैत्री १७९१ मध्ये भर सभागृहात तुटली. याच ग्रंथावर पुढे परंपरावादाची उभारणी झाली. अमेरिकन लेखक रसेल कर्क यांनी १९५३ मध्ये आपल्या ग्रंथात या परंपरेचे मूळ बर्क यांच्यापाशी नेऊन ठेवले.

नवपरंपरावादी वेगळ्या वाटेने आले. आयर्विंग क्रिस्टॉल यांच्यासारखे त्यांचे धुरीण मूळचे डाव्या विचारांचे होते. १९६०च्या दशकातील सरकारी समाजसुधारणांच्या मर्यादा पाहून ते उजवीकडे वळले; तथापि कल्याणकारी राज्य त्यांनी सर्वस्वी नाकारले नाही. परंपरावाद्यांशी त्यांचे बिनसले ते प्रामुख्याने परराष्ट्र धोरणावर. अमेरिकेने आपल्या सामर्थ्याचा वापर लोकशाहीच्या प्रसारासाठी करावा, असे त्यांच्यातील अनेकांना वाटे. कर्क यांनी मात्र १९९१च्या आखाती युद्धालाही विरोध केला होता.

नवपरंपरावाद्यांचा दावा निराधार नव्हे. क्रांतिकारी फ्रान्सशी तह न करता अखेरपर्यंत लढावे, असे बर्क अखेरच्या वर्षांत आग्रहाने लिहीत होते. एखाद्या राजवटीचे अंतर्गत स्वरूपच शेजाऱ्यांना धोकादायक ठरू शकते, हा त्यांचा युक्तिवाद होता. फरक उद्दिष्टाचा आहे. बर्क यांना मोडलेली जुनी घडी पुन्हा बसवायची होती, नवी व्यवस्था लादायची नव्हती. इराकमध्ये २००३ नंतर सैन्य आणि प्रशासन मोडीत निघाल्यावर जी अनागोंदी माजली, तिने त्यांच्या १७९०च्या इशाऱ्याचीच आठवण करून दिली.

एकुलता मुलगा रिचर्ड १७९४ मध्ये वारल्यावर बर्क खचले. ९ जुलै १७९७ रोजी बीकन्सफील्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारातील स्वातंत्र्य उदारमतवाद्यांनी उचलले, परंपरा परंपरावाद्यांनी आणि संघर्ष नवपरंपरावाद्यांनी. या तिन्हींना बांधणारा सत्तेच्या उन्मादाविषयीचा अविश्वास मात्र वाटणीत कोणाच्याच हाती पुरता लागला नाही.