पंडित म्हाइंभट : यशाचे बदललेले माप

लीळाचरित्राचे कर्ते म्हणून पंडित म्हाइंभटांचे नाव प्रत्येक उपदेशी जाणतो. परंतु त्यांच्या आयुष्याचे दोन भाग आहेत आणि त्या दोहोंत यशाचे माप निरनिराळे आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तेवढ्याच दृष्टीने त्यांच्या चरित्राचा येथे विचार करू.

म्हाइंभट सराळे गावचे. घरी संपन्नता, बुद्धी तीक्ष्ण, शास्त्राध्ययन सखोल. यादवकाळी पंडिताची योग्यता वादसभेत ठरत असे. ज्याने प्रतिपक्षास निरुत्तर केले, तो थोर. म्हाइंभटांना या थोरवीचा एवढा अभिमान होता की, ते भर दिवसा दिवटी पाजळून चालत, अशी आख्यायिका आहे. मात्र असे यश सर्वस्वी परस्वाधीन असते. हरणारा कोणी भेटला नाही, तर जिंकणाऱ्याचे मोठेपणही उरत नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावा, या हेतूने ते डोमेग्रामी गेले आणि तेथे त्यांचा विद्याभिमान गळाला. सामान्य पंडित अशा प्रसंगानंतर नवी युक्ती शोधतो, किंवा दुसरी सभा गाठतो. म्हाइंभटांनी वादाचा हेतूच सोडला. पुढे सर्वसंगपरित्याग करून ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेव त्यांच्या लीळांचे नित्य स्मरण करीत. ज्यांनी स्वामींना पाहिले, ते एकेक करून जातील आणि पुढील साधकांना काय उरेल, ही चिंता म्हाइंभटांना लागली. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले लीळाचरित्र हे त्या चिंतेचे फळ होय. त्यासाठी त्यांनी गावोगाव जाऊन, ज्यास जी लीळा ठाऊक होती त्यास ती विचारली. सांगणारा विद्वान आहे की नाही, हे पाहिले नाही. वृद्ध स्त्रियांच्या आठवणीही तितक्याच आदराने टिपल्या. मिळविलेली लीळा आचार्यांच्या कसोटीस लावली. ज्या पंडिताने आजवर दुसऱ्यास बोलू दिले नव्हते, तो आता दुसऱ्याचे बोलणे शब्दशः जपू लागला. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी लोकांच्या तोंडची मराठी घेतली आणि तिच्यावर अलंकार चढविले नाहीत.

एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा या ग्रंथात कर्ता जवळजवळ अदृश्य आहे. तो दिसतो तेव्हा स्वतःच्या गर्वहरणाच्या प्रसंगी दिसतो. तो प्रसंग गाळणे त्यांच्या हाती होते. त्यांनी तो गाळला नाही. माप बदलल्याची याहून मोठी साक्ष कोणती?

मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली. परंतु शिष्यपरंपरेच्या कंठी लीळा वसल्या होत्या. त्या स्मरणातून निरनिराळे पाठ पुन्हा सिद्ध झाले. केशिराजबासांनी लीळाचरित्रातील स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ रचला, तोही याच श्रमाच्या आधारावर. ग्रंथ जर कर्त्याच्या कीर्तीसाठी असता, तर पोथीबरोबरच संपला असता.

आज मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून लीळाचरित्राचा गौरव होतो आणि ऋद्धिपुरी मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. हा मान योग्यच आहे. पण म्हाइंभटांनी त्याच्यावर दृष्टी ठेवून लेखणी धरली नव्हती. लीळा जशी घडली तशी उतरली की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

यशाचे माप स्वतः ठरविणे म्हणजे मन मानेल ते करून त्यास यश म्हणणे नव्हे. म्हाइंभटांनी मापही निवडले आणि ते मोजण्याचा अधिकार आचार्यांच्या हाती दिला. म्हणून त्यात स्वैरपणा शिरला नाही. डोंगरकडा येथील वासनिकाच्या घरातील विद्यार्थी गुणपत्रिकेकडे पाहतो, प्रवचनकार श्रोत्यांची गर्दी पाहतो, भिक्षु आपल्या मानाचे स्थान पाहतो. यांतील प्रत्येकाच्या हाती ती दिवसाची दिवटी आहे. ती विझविल्यावर आपल्या हातून कोणते काम नीट उतरते, हे ज्याने त्याने तपासावे.