मलिक अंबर आणि परागंदा कुणबी

लढाईच्या धामधुमीत गाव ओस पडतो, कुणबी बायकामुलांसह परागंदा होतो आणि दहा-वीस वर्षांनी परतून पाहतो, तो त्याच्या शेतात दुसऱ्याचाच नांगर चाललेला. जमीन कोणाची?

वऱ्हाडाला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. अचलपूरची इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने बुडविली. १५९६ मध्ये चांदबिबीला हा प्रांत मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. आणि पुढली तीस वर्षे मेहकर-बाळापूरची वाट फौजांच्या टापांखाली राहिली. या धामधुमीचा एक कर्ता पुरुष होता मलिक अंबर. ओस गावे पुन्हा वसविण्याची रीतही त्यानेच घालून दिली, हा इतिहासातील विलक्षण योग म्हटला पाहिजे.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणातला. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दक्षिणेत येऊन निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी पडला. धनी वारल्यावर त्याने बरीच वर्षे नशिबाची परीक्षा पाहिली. १६०० मध्ये अहमदनगर पडले, तेव्हा त्याने राजवंशातील एकास गादीवर बसवून बुडते राज्य सावरले. १६१६ मध्ये बाळापुराहून निघालेल्या शाहनवाजखानाने रोषणगावी त्याचा पराभव करून खडकी जाळली. १६२० मध्ये त्याच अंबराने मोगलांना मेहकराहून बाळापूर आणि तेथून बऱ्हाणपुरापर्यंत मागे रेटले. शत्रूची रसद तोडणे हे त्याच्या गनिमी काव्याचे मर्म. पण रसद म्हणजे अखेर कोणाचे तरी पीकच ना!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याची अडचण उघड होती. जमीन मुबलक, कसणारा दुर्मिळ. पळालेला कुणबी तलवारीच्या धाकाने परत येत नाही, आलाच तरी टिकत नाही. म्हणून अंबराने वसुलीचे मक्ते मोडले, सारा प्रत्यक्ष पिकावर धरला आणि काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोखीत बांधून दिला. सामान्यतः धान्यात दोन-पंचमांश आणि रोखीत सुमारे एक-तृतीयांश असे त्याचे प्रमाण सांगतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने रयतेची मिरासी मान्य केली. मिरासदार गाव सोडून गेला म्हणून त्याचा हक्क बुडत नसे. परतल्यावर तो आपले शेत मागू शके.

तंटा पडला तर निवाडा गोतसभा करी. पाटील, देशमुख, बलुतेदार जमत, साक्षी होत, महजर लिहिला जाई. पाटलाची निशाणी नांगर. पुरावा न पटल्यास दिव्यही करावे लागे. आज ते अमानुष वाटते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर झालेला निवाडा सहसा मोडत नसे.

या व्यवस्थेत एकाचे मात्र नुकसान होई. मालकाच्या गैरहजेरीत पडीक रान मोडून पीक काढणारा उपरी, मिरासदार परतताच बाजूला सरे. त्याच्या घामाची किंमत कोणत्या महजरात धरली गेली? अंबराची थोरवी मान्य करूनही हा प्रश्न प्रस्तुत लेखकास टाळता येत नाही.

१६२६ मध्ये तो निवर्तला. लवकरच १६३० चा भीषण दुष्काळ आला आणि गावे पुन्हा ओस पडली. तरीही पुढे मराठेशाहीत वतनाचे तंटे उभे राहिले, तेव्हा वादी-प्रतिवादी मलिकंबरी कारकिर्दीचे जुने कागद काढून सभेपुढे ठेवीत.