निऱ्या, नाडी आणि फिलाडेल्फियाची थंडी

ट्रॅडिशनल डे जवळ आला की कुंभिवलीपासून खोपोली-कर्जतपर्यंत मैत्रिणींमध्ये एकच चर्चा सुरू होते. शिवलेली नऊवारी कुठे मिळेल? तुम्हीही कधीतरी घातली असेल. पॅन्टमध्ये घालतो तसे पाय घालायचे, कमरेला इलॅस्टिक नाहीतर नाडी, बाजूला चेन, वर एक हुक. काष्टा आधीच शिवलेला, निऱ्या आधीच टाचलेल्या. पाच मिनिटांत तयार!

आता एक काम करा. ती साडी एकदा उलटी करून बघा. नेफा, अस्तर, चेनची पट्टी, निऱ्यांवर मारलेली शिलाई, असं बरंच काही आत दडलेलं असतं. बाहेरून दिसणारा ऐटबाज काष्टा या न दिसणाऱ्या सामानावर उभा असतो. हे सामान आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याकडे कोणी बघतही नाही. पण एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच रेल्वे लाइनवरच्या एका मुलीला साडीच्या या आतल्या बाजूचा फार गंभीरपणे विचार करावा लागला होता. तुम्ही तिला पहिली महिला डॉक्टर म्हणून ओळखता. डॉ. आनंदीबाई जोशी.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना, कल्याणच्या जोशींची मुलगी. कल्याण म्हणजे आपल्याला रोजचंच. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला होता आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी पुण्याकडे जाऊ लागली होती. म्हणजे यमुना जन्मली तेव्हा तिच्या गावातून गाड्या धावत होत्या. पण मुलींनी शिकायचं, हा विचार मात्र अजून फारसा कुठे पोचलेला नव्हता.

नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात नोकरीला, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा आणि बिजवर. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट होता. यमुनाची आनंदी झाली. गोपाळरावांनी बदली करून घेतली ती अलिबागला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पुढे कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास होत गेला. गोपाळराव शिकवायचे, पण ते शिक्षण मायेचं नव्हतं. अभ्यास चुकला की मार बसायचा.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे तिच्या मनात घर करून राहिलं. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नव्हत्या आणि बाई डॉक्टर मिळणार कुठे? आपणच डॉक्टर व्हायचं, हा निर्णय इथून आला.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात तिने जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय, हे तिने लोकांना इंग्रजीत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, पोशाख आणि खाणं-पिणं बदलणार नाही, असा तिचा शब्द होता. टीका करणाऱ्यांना उत्तर म्हणून हे वचन महत्त्वाचं होतं. पण त्याचा खरा भार कशावर पडणार होता? नऊ वार कापडावर!

नऊवारी कशी नेसतात ते आठवा. जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्यात एकही टाका नाही. कमरेला गाठ मारायची, समोर निऱ्या घालून खोचायच्या, काष्टा दोन पायांमधून मागे घेऊन कमरेत खोचायचा. नाडी नाही, हुक नाही, टाचणीसुद्धा नाही. सगळा डोलारा गाठीवर आणि खोचण्यावर. शेतात वाका, विहिरीवर जा, घाट चढा, पाय मोकळे राहतात. आपल्या हवेसाठी आणि आपल्या कामांसाठी ही रचना अगदी बिनचूक आहे. वर चोळी असायची, आखूड बाह्यांची, पुढे गाठ मारलेली. चोळी आणि साडी यांच्यामधून वारा खेळायचा. कोकणातल्या उकाड्यात ते सुखाचंच.

पण हीच रचना बर्फात नेली की? काष्टा असल्यामुळे आत परकर घालता येत नाही. पोटऱ्या उघड्या राहतात, पोट-पाठ उघडी राहते. थंडीत माणसाला नुसतं जाड कापड पुरत नाही. एकावर एक थर लागतात, कारण दोन थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची ऊब धरून ठेवते. नऊवारीत कापड भरपूर, पण आत थर घालायला जागाच नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या जहाजातून आनंदीबाई निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरच्यासारखं ठेवून घेतलं. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश झाला. वय वर्षं अठरा. आणि पुढे हिवाळा.

खोलीतली शेगडी नीट चालत नव्हती. पेटवली तर धूर, नाही पेटवली तर गारठा. तिथल्या बायकांसारखा गाऊन घातला असता तर थंडीचा प्रश्न सुटला असता, पण दिलेला शब्द मोडला असता. नऊवारीच नेसत राहिल्या असत्या तर शब्द राहिला असता, पण तब्येत? आनंदीबाईंनी तिसरा मार्ग काढला. साडी सोडायची नाही, नेसण्याची पद्धत बदलायची. त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. भूजला राहिलेल्या असल्यामुळे ही पद्धत त्यांनी जवळून पाहिलेली असणार.

हा बदल वरवर छोटा वाटतो, पण शिवणाच्या भाषेत तो केवढा मोठा आहे बघा. काष्टा गेला आणि आत परकर आला. परकराला नेफा आणि नेफ्यात नाडी. आता निऱ्या गाठीवर नाही, तर त्या नाडीच्या आधारावर उभ्या राहतात. साडी घोट्यापर्यंत उतरते. आत गरम कपड्यांचे थर घालता येतात. चोळीच्या जागी लांब बाह्यांचा ब्लाउज घेतला की हात आणि पोट झाकतं. बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती साडीच.

या वाटेवर त्या एकट्याच होत्या असं नाही. ज्ञानदानंदिनी टागोर १८६० च्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे मुंबईत आल्या, तेव्हा त्यांनी पारशी बायकांच्या साडीवरून शिकून परकर-ब्लाउजसह नेसायची पद्धत बंगालमध्ये नेली. आज आपण जी सहावारी पारंपरिक म्हणून नेसतो, तिच्यामागे बाहेर पडणाऱ्या अशा बायकांचे प्रयोग आहेत. निऱ्यांच्या जागी आतून लावतो तो फॉल, काठाला पिको, ब्लाउजला अस्तर, खांद्यावर सेफ्टी पिन. (तिचं पेटंट अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतलं होतं बरं का!) हे एकेक करून साडीला येऊन चिकटलं.

गोपाळरावांची पत्रं मात्र येतच होती. ज्या माणसाने शिकायला लावलं, त्यालाच आता शंका येत होत्या. बायको तिकडे बदलेल का, वाहवत जाईल का? पत्रांत टोचणी असायची. थंडी, अर्धपोटी शाकाहार, परक्या भाषेतला अभ्यास आणि वर हे. आनंदीबाई उत्तरं देत राहिल्या, स्वतःचं म्हणणं मांडत राहिल्या आणि अभ्यास चालू ठेवला.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे, नेटवर सहज सापडेल. कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी एकत्र. जपानच्या केई ओकामी किमोनोमध्ये, सीरियाच्या साबात इस्लाम्बुली त्यांच्या देशाच्या पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई साडीत. तिघीही डॉक्टर झाल्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. एकविसावा वाढदिवस अजून वीस दिवसांवर होता. आपण त्या वयात टीवायची केटी सोडवत असतो! समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या.

पण तोवर क्षयाने त्यांना गाठलं होतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. क्षय थंडीने होत नाही, जंतूंमुळे होतो. रॉबर्ट कॉख यांनी तो जंतू १८८२ मध्येच शोधला होता. पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून सहा दशकं होती. परकर, ब्लाउज, गरम कपडे यांनी ऊब दिली असेल, पण या आजारापुढे कपडा काय करणार?

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या, पण कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. पुण्यात उपचार चालले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. मायदेशी डॉक्टर म्हणून काम करायला वेळच मिळाला नाही. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत मावशींच्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या गेल्या. तिथे त्यांच्या नावाचा दगड आजही आहे.

आपल्याकडे मुलीने काय घालावं यावर मत द्यायला सगळा गाव तयार असतो. पारंपरिक की मॉडर्न, एवढ्या दोनच खुर्च्या मांडलेल्या असतात. आनंदीबाईंनी तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून ठरवलं नाही. हवा बघितली, शरीर बघितलं, आपलं काम काय आहे ते बघितलं आणि मग कापड बदललं, तेही हवं तेवढंच. पुढच्या वेळी साडी नेसताना नाडीची गाठ घट्ट माराल ना, तेव्हा ही कल्याणची मुलगी जरूर आठवा.