अलेक्झांडर ग्रॅहम बेल : टेलिफोनच्या आधीचा वाचा-शिक्षक

बेल म्हटले की टेलिफोन आठवतो. पण त्यांचा मूळ पेशा होता बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा. स्पीच थेरपीत घरच्यांचा वाटा किती मोठा असतो, हे त्यांच्या आयुष्यातून चांगले समजते.

बेल यांचा जन्म १८४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चार शिकवत. जीभ, ओठ व घसा यांच्या हालचाली दाखवणारी एक चिन्हलिपी वडिलांनी तयार केली होती. आईला फार कमी ऐकू येई. छोटा बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोलत असे.

दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० साली हे कुटुंब कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत, बोस्टनच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवू लागले. १८७२ साली त्यांच्याकडे जॉर्ज सँडर्स हा जन्मतः बहिरा, पाच वर्षांचा मुलगा आला. काही काळाने बेल सेलम गावी जॉर्जच्या आजीच्या घरीच राहायला गेले. शिकवणी खेळातून चाले. बाहुली हवी असेल तर जॉर्जने त्या शब्दाची चिठ्ठी शोधून द्यायची, मग बाहुली मिळे. बेल यांनी एका हातमोज्यावर अक्षरेही लिहिली. त्यांना क्रमाने बोट लावले की शब्द तयार होई. ही सगळी पद्धत त्या एका मुलासाठी बेतलेली होती.

मेबल हबर्ड या विद्यार्थिनीची गोष्ट वेगळी. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिची श्रवणशक्ती गेली. आलेली बोली विसरू नये म्हणून आई तिच्याशी सतत बोलत राहिली आणि तिलाही बोलते ठेवले. १८७३ साली ती बेल यांच्याकडे आली तेव्हा तिला बोलता येत होते. काम होते ते उच्चार स्पष्ट करण्याचे. १८७६ साली बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्या प्रयोगांना पैसा जॉर्जच्या आणि मेबलच्या वडिलांनी पुरवला होता. १८७७ साली बेल आणि मेबल यांचा विवाह झाला.

पण बेल यांची एक बाजू आज पटत नाही. एका मुलासाठी वेगळी वाट शोधणारा हा शिक्षक सर्वच बहिऱ्या मुलांनी बोलूनच शिकावे, असा आग्रह धरू लागला. शाळांत सांकेतिक भाषा वापरण्यास त्यांनी विरोध केला. अशा धोरणामुळे अनेक मुलांना ना नीट बोलता आले, ना हक्काची सांकेतिक भाषा मिळाली. १९२२ साली बेल यांचे निधन झाले; तो वाद मात्र पुढेही चालू राहिला.

पालकांनी यातून काय घ्यावे? मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल किंवा बोलायला उशीर होत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आधी श्रवणचाचणी करा. थेरपिस्ट तुमच्या मुलाला तपासून त्याच्यापुरता आराखडा ठरवतात. शेजारच्या मुलाला लागू पडलेले तुमच्या मुलाला लागू पडेलच असे नाही. थेरपीचा वेळ आठवड्यातून काही तासांचाच असतो. म्हणून सत्राला स्वतः बसा, कृती शिकून घ्या आणि आंघोळ, जेवण, खेळ यांत त्या रोज वापरा. बोलून असो वा खुणांनी, मुलाला लहान वयातच भाषा मिळणे सर्वांत महत्त्वाचे.